पडद्यावरचे मास्तर आणि घाटमाथ्यावरचा पाऊस

शिक्षक एका गावी, विद्यार्थी दुसऱ्या गावी, आणि दोघांमध्ये चित्र व आवाज एकाच वेळी ये-जा करतील अशी वाट, एवढी जमवाजमव झाली की दूरचित्रसंवादाचा वर्ग भरतो. सरकारी कागदांत या सोयीला ‘दूरदृश्य प्रणाली’ म्हणतात. पंचायत समितीत, शाळेत आणि कॉलेजात मात्र सगळे तिला ‘व्हीसी’ म्हणतात. ‘उद्या अकराला व्हीसी आहे’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. या तऱ्हेने शिकवण्याचा भारतातला इतिहास पन्नास वर्षांच्या आसपासचा आहे. या काळात उपग्रह बदलले, तारा बदलल्या, पडदे लहान होत होत तळहातावर आले. एक प्रश्न मात्र प्रत्येक टप्प्यावर तसाच उभा राहिला: पडद्यावरचे मास्तर मुलापर्यंत पोचले, पण मुलाची शंका मास्तरांपर्यंत पोचते का?

हा प्रश्न खरा कसाला लागतो तो गगनबावड्यासारख्या ठिकाणी. कोल्हापूरपासून पश्चिमेला सुमारे ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर हे तालुक्याचे गाव आहे. गावापुढे रस्ता दोन घाटांत फुटतो. करूळ घाट वैभववाडीकडे उतरतो आणि भुईबावडा घाट खारेपाटणच्या बाजूला. माथ्यावर गगनगड आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या किल्ल्यांत त्याची गणना होते. मराठेशाहीत बावडा ही पंत अमात्यांची जहागीर होती आणि राज्यकारभार कसा करावा हे सांगणारे ‘आज्ञापत्र’ लिहिणारे रामचंद्रपंत अमात्य याच बावडेकर घराण्याचे. २०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३६ हजार, म्हणजे जिल्ह्यात सर्वांत कमी. वस्ती विखुरलेली आहे. गावापासून वाडी लांब, वाडीपासून धनगरवाडा त्याहून लांब.

या तालुक्याचे सगळे गणित पावसाभोवती फिरते. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळ तालुक्यात वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर गगनबावड्यात तो ५,००० मिलिमीटरच्या वर जातो. एकाच जिल्ह्यात दहापट फरक. जुलैत जोर धरला की कुंभी नदी पात्र सोडते, मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येते आणि कोल्हापूर-गगनबावडा वाहतूक थांबते. घाटात दरड आली की कोकणाची बाजूही बंद होते. अशा दिवसांत ५५ किलोमीटरचे अंतर मोजण्यात अर्थ राहत नाही. कोल्हापुरात राहून येऊन-जाऊन करणारे शिक्षक अडकतात, आणि वाडीवरून ओढा ओलांडून शाळेत येणारी मुलेही. दुरून शिकवण्याची कल्पना शहरात सोयीची म्हणून आली. इथे ती गरजेची आहे.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. तेव्हापासून पुढे बराच काळ शाळा वाडीपर्यंत नेणे म्हणजे माणूस वाडीपर्यंत नेणे असाच अर्थ होता. स्वातंत्र्यानंतर जिल्हा परिषदेच्या शाळा वाढल्या, पण डोंगरी भागात त्या बहुतेक एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी राहिल्या. पहिलीला अक्षरे गिरवायला द्यायची, तिसरीला बेरजा, आणि चौथीला भूगोल शिकवायचा, ही एकाच खोलीतली कसरत तिथल्या गुरुजींना आजही चुकलेली नाही. विज्ञानाचा किंवा इंग्रजीचा जाणकार शिक्षक अशा प्रत्येक शाळेला मिळणे शक्य नव्हते. मग जाणकाराचा निदान आवाज तरी पोचवावा म्हणून आकाशवाणीने शालेय कार्यक्रम केले. शाळेत एक रेडिओ, ठरलेली वेळ, आणि भोवती बसलेली मुले. आवाज आला, पण फळा आला नाही.

फळ्यासह शिक्षक पोचवण्याचा पहिला मोठा प्रयत्न उपग्रहाने झाला, आणि त्याच्या मध्यभागी एक कोल्हापूरकर होता. ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह-शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा बरोबर एक वर्ष चालला. अमेरिकेच्या नासा संस्थेने एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी वापरायला दिला आणि जमिनीवरची सगळी बाजू इस्रोने सांभाळली. प्रयोगाचे व्यवस्थापक होते एकनाथ वसंत चिटणीस. १९२५ मध्ये कोल्हापुरात जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने विक्रम साराभाईंबरोबर भारतीय अवकाश संशोधनाची पायाभरणी केली आणि २०२५ मध्ये शंभरी पूर्ण करून पुण्यात अखेरचा श्वास घेतला. उपग्रह म्हणजे आधी खेड्यातली शाळा आणि मग बाकी सगळे, हा साराभाईंचा आग्रह ‘साइट’मध्ये प्रत्यक्ष उतरला.

प्रयोगासाठी सहा राज्यांतली २,४०० खेडी निवडली गेली. महाराष्ट्र त्यात नव्हता. सर्वांत जवळचा भाग म्हणजे सांगली-सोलापूरला लागून असलेला कर्नाटकातला विजापूर जिल्हा, आणि तिथले कार्यक्रम कानडीत होते. प्रत्येक निवडलेल्या गावात शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची, तीन मीटर व्यासाची छत्री उभी राहिली. जाळी वापरण्याचे कारण साधे होते. ती स्वस्त पडते, वाऱ्याला आडकाठी करत नाही, आणि मोडली तर गावातच दुरुस्त होते. सकाळी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य आणि कुटुंबनियोजन. ज्या गावांत सिनेमाही कधी आला नव्हता तिथे थेट आकाशातून चित्र उतरले.

‘साइट’मधला सर्वांत शिकण्यासारखा भाग मुलांच्या कार्यक्रमांचा नव्हता. तो शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा होता. शाळांना सुट्टी असताना प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान शिकवण्याचे वर्ग उपग्रहावरून घेतले गेले आणि दोन फेऱ्यांत मिळून सुमारे ५० हजार शिक्षकांनी ते पूर्ण केले. एवढे शिक्षक एका ठिकाणी बोलावून शिकवायचे म्हटले असते तर कित्येक वर्षे गेली असती. पण यश केवळ पडद्याचे नव्हते. दूरचित्रवाणीच्या जोडीला रेडिओ होता, छापील पुस्तिका होत्या, हाताने करून पाहायचे प्रयोग होते, आणि प्रत्येक केंद्रावर चर्चा घडवून आणणारा एक माणूस बसवलेला होता. पडदा बंद झाल्यावर त्या माणसाचे काम सुरू होई. पन्नास वर्षांत यंत्रे कितीही बदलली तरी ही मांडणी जिथे पाळली तिथे दूरचा वर्ग टिकला, आणि जिथे तिच्यावरचा खर्च वाचवला तिथे तो पडला.

वर्ष संपले, उपग्रह परत गेला, आणि गावांतले पडदे काळे झाले. पुढची पायरी यायला सातेक वर्षे गेली. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी आकाशात गेला आणि देशाला दूरचित्रवाणीसाठी स्वतःचा टिकाऊ उपग्रह मिळाला. शैक्षणिक कार्यक्रम तयार करण्यासाठी सहा राज्यांत संस्था उभ्या राहिल्या. त्यांत महाराष्ट्राची संस्था पुण्यात २७ जानेवारी १९८४ रोजी सुरू झाली आणि ‘बालचित्रवाणी’ या नावाने घराघरांत पोचली. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाला. त्यासाठी कार्यक्रम बनवणाऱ्या पहिल्या काही केंद्रांत पुणे विद्यापीठाचे केंद्र होते. बालचित्रवाणीने मराठी मुलांसाठी हजारो कार्यक्रम केले. गोष्टी, गाणी, प्रयोग, सहली, सगळे मराठीत. ही संस्था मे २०१७ मध्ये बंद करण्यात आली. तीनच वर्षांनी घरी बसलेल्या मुलांसाठी मराठी शैक्षणिक चित्रफिती घाईघाईने नव्याने बनवाव्या लागल्या, हे पाहिले की तो निर्णय किती आखूड दृष्टीचा होता ते कळते.

या सगळ्या टप्प्याला व्हीसी म्हणता येत नाही, कारण वाट एकेरी होती. पडद्यावरच्या बाई ‘समजलं का?’ म्हणत आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जात. परतीची वाट उघडली ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, आणि तीही टेलिफोनच्या तारेने. इस्रो आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने चित्र उपग्रहावरून खाली आणि प्रश्न फोनवरून वर, असा मेळ घातला. १९९५ पासून प्रशिक्षणासाठी उपग्रहावर स्वतंत्र वाहिनी मिळाली. नोव्हेंबर १९९६ मध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआ या आदिवासी जिल्ह्यात १५० गावांचा प्रकल्प याच पद्धतीने सुरू झाला. आता दिल्लीतला शिक्षक थांबून ऐकू लागला. प्रश्न विचारायला एसटीडी लागायची, लाइन लागेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा, तरी थांबण्याची सवय लागली हे मोठे झाले.

महाराष्ट्रात या वाटेवर ठामपणे पाऊल टाकले ते नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने. १ जुलै १९८९ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले होते. नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी स्वयंअध्ययनाची पुस्तके आणि जवळच्या कॉलेजातले अभ्यासकेंद्र अशी त्याची घडी होती. रविवारी संपर्कसत्र, बाकी आठवडा पुस्तक. विद्यार्थी आणि विद्यापीठ यांच्यामध्ये अभ्यासकेंद्रातला माणूस पहिल्यापासून होता. म्हणून पुढे उपग्रह आला तेव्हा तो कुठे जोडायचा हे या विद्यापीठाला शोधावे लागले नाही.

दरम्यान कोल्हापूर जिल्ह्यातच, पण गगनबावड्यापासून बऱ्याच अंतरावर, तारांचा एक मोठा प्रयोग झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणा सहकारी समूहाच्या परिसरातली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावे १९९८ मध्ये संगणकाने जोडण्याचे ठरले. ‘वायर्ड व्हिलेज’ हे त्याचे नाव. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा, १० टक्के वारणेचा. गावातल्या केंद्रावर शेतकऱ्याला ऊसनोंद, तोडणीची चिठ्ठी, बिल ही माहिती मिळावी हा मुख्य उद्देश. शाळा-कॉलेजांना दूरशिक्षण देणे हेही उद्दिष्टांत लिहिलेले होते. ऊसनोंदीचे काम चालले, कारण त्यामागे कारखान्याची रोजची गरज होती. काही वर्षांनी तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर होऊ शकते हे सात गावांतल्या चाचणीत दिसले. शिक्षणामागे तशी रोजची निकड कुणाची नव्हती. ज्या सोयीला दररोज वापरणारा धनी नसतो तिच्यावर धूळ बसते, हे सहकाराच्या या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको.

खऱ्या अर्थाने दोन्ही बाजूंनी चालणारा वर्ग आणला तो ‘एज्युसॅट’ने. श्रीहरिकोट्याहून २० सप्टेंबर २००४ रोजी सोडलेला, सुमारे १,९५० किलो वजनाचा हा उपग्रह फक्त शिक्षणासाठी होता. तो जाण्याआधीच इन्सॅट-३बी वापरून तीन विद्यापीठांत चाचणी सुरू झाली होती: कर्नाटकातले विश्वेश्वरय्या तंत्र विद्यापीठ, भोपाळचे राजीव गांधी प्रौद्योगिकी विद्यापीठ आणि नाशिकचे मुक्त विद्यापीठ. केंद्रे दोन प्रकारची असत. एका प्रकारात फक्त पाहता येई. दुसऱ्यात छत्रीला प्रक्षेपक जोडलेला असे, म्हणजे केंद्राला स्वतःचे चित्र आणि आवाज वर पाठवता येई.

अशा केंद्रातला तास जवळून पाहण्यासारखा असे. भिंतीवर पडदा, पडद्यावर नाशिकचे किंवा मुंबईचे प्राध्यापक, बाकांवर वीस-तीस विद्यार्थी, कोपऱ्यात संगणकाजवळ केंद्राचा समन्वयक. शंका असेल तर संगणकावरचे बटण दाबायचे. त्याला हात वर करणे म्हणत. प्राध्यापकांच्या पडद्यावर हात वर केलेल्या केंद्रांची नावे एकाखाली एक दिसत. ते एकाला निवडत, आणि मग त्या केंद्राची खोली सगळ्यांच्या पडद्यावर उमटे. माइक हातात घेऊन उभी राहिलेली मुलगी एकदम राज्यभर दिसू लागे. इथे एक अडचण होती. असे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात, त्यामुळे आवाज वर जाऊन खाली येण्यात जवळजवळ पाव सेकंद जातो आणि प्रश्न-उत्तर मिळून अर्धा. ऐकायला हे काहीच नाही. पण बोलण्याच्या ओघात दोघेही एकदम बोलू लागतात, दोघेही एकदम थांबतात, आणि मग ‘तुम्ही बोला’, ‘नाही सर, तुम्ही बोला’ असे होते. चांगले शिक्षक प्रश्न विचारून मनात दोन अंक मोजायला शिकले.

आणि मग पाऊस. ‘एज्युसॅट’चे शाळा-कॉलेजांसाठीचे बरेचसे काम केयू पट्ट्यात होते. या पट्ट्यातल्या लहरींची लांबी दोन-अडीच सेंटिमीटर, म्हणून छत्री लहान चालते, एखाद्या शाळेच्या गच्चीवर सहज बसते. ‘साइट’सारखी तीन मीटरची जाळी लागत नाही. पण लहरी जितक्या आखूड, तितके पावसाचे थेंब त्यांना जास्त शोषतात आणि विखरतात. रिमझिम चालते. मुसळधार आली की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, ते गोठते, आवाज तुटतो, आणि पडदा निळा होतो. घरावर डीटीएचची छत्री असलेल्या कोकण आणि घाटमाथ्यावरच्या प्रत्येक कुटुंबाला हे चांगले माहीत आहे. मोठी छत्री आणि लांब लहरींचा सी पट्टा वापरला तर त्रास कमी होतो, पण मग खर्च वाढतो आणि जागाही लागते.

यातही एक बारकावा आहे, आणि घाटमाथ्याच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. पाऊस मुख्य केंद्रावर पडला तर सगळ्यांचा वर्ग बिघडतो, म्हणून तिथे जोरदार प्रक्षेपक आणि मोठी छत्री असते. पाऊस दूरच्या लहान केंद्रावर पडला तर फक्त त्या केंद्राचा वर्ग बिघडतो आणि नाशिकच्या शिक्षकाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यातून वर जाणाऱ्या लहरी सुमारे १४ गिगाहर्ट्झच्या आणि खाली येणाऱ्या ११-१२ च्या. जास्त कंपनांच्या लहरींना पाऊस अधिक मारतो. लहान केंद्राचा प्रक्षेपकही एक-दोन वॅटचाच. त्यामुळे पाऊस वाढू लागला की बहुधा आधी तुटतो तो विद्यार्थ्यांचा आवाज. मास्तर दिसत राहतात, बोलत राहतात, पण वर्गातून वर गेलेला प्रश्न वाटेतच विरतो. गगनबावड्यासारख्या ठिकाणी जून ते सप्टेंबर अशी यंत्रणा चालवायची तर ती पुन्हा एकेरी वाट होण्याचा धोका रोजचा. देशाची सोय आखताना सरासरी पाऊस धरला जातो, आणि सरासरीत बावडा कुठेच बसत नाही.

‘एज्युसॅट’ सप्टेंबर २०१० मध्ये निवृत्त झाला. त्याच सुमारास केबल आणि इंटरनेटने काम ताब्यात घ्यायला सुरुवात केली होती. मुंबई महानगरपालिकेने २०११ च्या सुमारास आपल्या शाळांत एका स्टुडिओतून अनेक वर्गांना एकदम शिकवणारे ‘व्हर्च्युअल क्लासरूम’ सुरू केले. आयआयटी मुंबईत दीपक फाटक यांच्या पुढाकाराने दहा हजार शिक्षकांना शिकवण्याचा कार्यक्रम झाला. अभियांत्रिकी महाविद्यालयांतले अध्यापक आपल्या जवळच्या केंद्रात बसत आणि पवईतले व्याख्यान थेट ऐकत. जोडणीसाठी अमृता विद्यापीठाने तयार केलेली ‘ए-व्ह्यू’ ही प्रणाली वापरली जाई. या कार्यक्रमाचे खरे मर्म तयारीत होते. मुख्य कार्यशाळेआधी प्रत्येक केंद्राच्या समन्वयकाला आयआयटीत बोलावून आठवडाभर शिकवले जाई, आणि मग प्रात्यक्षिके तोच माणूस आपल्या केंद्रात घेई. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी ‘साइट’ने गावच्या केंद्रावर बसवलेला माणूस इथे पुन्हा भेटतो.

व्हीसी खेड्यातल्या शिक्षकाच्या रोजच्या बोलण्यात आली ती मात्र शिक्षणाच्या दाराने नाही, प्रशासनाच्या दाराने. राष्ट्रीय सूचना केंद्राने नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून जिल्हाधिकारी कार्यालये या सोयीने जोडली. पुढे ती तालुक्यापर्यंत उतरली. मंत्रालयातून सचिव बोलणार, जिल्ह्यातून शिक्षणाधिकारी, तालुक्यातून गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुख ऐकणार, अशा बैठकांतून ‘सगळ्यांनी माइक बंद ठेवा’ हे वाक्य रूढ झाले. शिकवण्याच्या दृष्टीने ही सुरुवात बरी नव्हती. ज्या साधनाची पहिली ओळख वरून येणारा आदेश ऐकण्याचे यंत्र अशी होते, त्यावर मोकळेपणी प्रश्न विचारायला माणूस लवकर धजत नाही. शिक्षक प्रशिक्षणाच्या व्हीसीतही हीच शिस्त आली.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातले. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी स्काइपवरून आपल्या मुलांना देशोदेशीच्या शाळांशी आणि ठिकाणांशी जोडले. बोलायचे मुलांनी, विचारायचे मुलांनी. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालण्याच्या त्यांच्या कामाबरोबर याचीही दखल घेतली गेली आणि ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाले. लहान शाळा, एक लॅपटॉप, एक उत्साही शिक्षक. इथे वर्गातला शिक्षक बाजूला सरत नाही, तोच दुवा होतो.

मार्च २०२० मध्ये करोनाने शाळा बंद केल्या आणि जे पन्नास वर्षांत हळूहळू व्हायचे होते ते पंधरा दिवसांत करावे लागले. शहरांत झूम आणि गुगल मीटवर तास सुरू झाले. राज्याने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने रोजचा अभ्यास मोबाइलवर पाठवायला सुरुवात केली. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ती तयार केली होती. दूरचित्रवाणीकडे परतण्याचे कारण स्पष्ट होते. खेड्यात टीव्ही बऱ्याच घरी होता, पण चांगला मोबाइल एखादाच, आणि तोही वडिलांबरोबर दिवसभर कामावर. एका फोनवर तीन भावंडांचे तीन तास कसे भरवायचे याचे उत्तर कुठल्याही परिपत्रकात नव्हते.

त्या पावसाळ्यात घाटमाथ्यावर आणि घाटाखाली ‘रेंज’ हा शब्द पोरांच्या तोंडी बसला. खोऱ्यातल्या घरात रेंज नसते. डोंगरसोंडेवर, एखाद्या वळणावर, देवळाच्या पायरीवर ती मिळते. म्हणून मुले तिथे जात. घाटाखाली सिंधुदुर्ग जिल्ह्यात एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने रेंज मिळते त्या डोंगरावर खोपटे बांधून भर पावसात ऑनलाइन तास केले आणि तिची बातमी देशभर गेली. बातमीत तिच्या जिद्दीचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण मुलीला तासासाठी डोंगर चढावा लागतो हा त्या बातमीचा दुसरा अर्थ होता. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांत ‘बोलकी शाळा’ भोंग्यावर भरली. कितीतरी ठिकाणी शिक्षकांनी इंटरनेटचा नाद सोडला आणि ते वाडीवर जाऊन ओट्यावर, झाडाखाली चार-चार मुलांना घेऊन बसले. या गुरुजींचे नाव कुठल्याही प्रणालीला दिलेले नाही, पण त्या दोन वर्षांत डोंगरी भागातले शिक्षण ज्यांनी तगवले त्यांत ते आघाडीवर होते. ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा भरू लागले.

करोनानंतर तारा वाढल्या आहेत. ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची केंद्राची योजना २०११ मध्ये मंजूर झाली होती. पुढे ती ‘भारतनेट’ झाली आणि महाराष्ट्रात तिचा काही भाग ‘महानेट’ या नावाने चालला. फायबरला पावसाचा थेंब काही करत नाही. उपग्रहाच्या तुलनेत हा मोठा फायदा, आणि अर्ध्या सेकंदाची ती अडखळणही जाते. पण घाटमाथ्यावर पाऊस दुसऱ्या वाटेने येतो. दरड तारेसकट खाली जाते, रस्ता रुंद करताना जेसीबीने केबल तुटते, झाड पडून वीज जाते आणि मग यंत्रही बंद. ग्रामपंचायतीपर्यंत आलेली तार शाळेच्या खोलीपर्यंत आणि धनगरवाड्यापर्यंत नेणे हे काम वेगळेच.

पटसंख्या कमी म्हणून लहान शाळा एकत्र करण्याची चर्चा राज्यात अधूनमधून होते, आणि अशा वेळी वाडीवर पडदा लावून काम भागेल असेही कुणी सुचवते. आजवरचा अनुभव याच्या विरुद्ध जातो. ‘साइट’चे शिक्षक-प्रशिक्षण, मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे, आयआयटीची केंद्रे आणि परितेवाडीची शाळा, या चारही ठिकाणी पडद्याच्या अलीकडे माणूस होता. पडदा त्या माणसाच्या हातातले साधन होता. वाडीवरचा शिक्षक काढून पडदा ठेवणे हा खर्चाचा हिशेब होऊ शकतो, शिक्षणाचा नाही. वाडीवरच्या शिक्षकाला विज्ञानाच्या किंवा इंग्रजीच्या तासाला पडद्याची जोड देणे मात्र आज सहज शक्य आहे. त्यासाठी शाळेत फायबर, वीज गेल्यावर चालणारी बॅटरी, मुसळधार पावसात उपयोगी पडतील असे आधीच उतरवून ठेवलेले पाठ आणि मुलांच्या हातात चालू माइक एवढे लागते.

यातले प्रत्येक साधन बाजारात मिळते आणि त्यातले एकही आता महागडे राहिलेले नाही. मात्र ते बसवायचे ते एप्रिल-मेच्या उन्हात. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आणि गगनबावड्यात पाऊसही त्याच सुमारास लागतो.